शेरॉनची पूर्ण साक्ष

शेरॉन बरी झाली नव्हती.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. पण लोकांच्या फोनमध्ये ती अजून सांगतेय की ती बरी झाली.

गेल्या आठवड्यात आमच्या फ्लेक्सच्या दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. मी त्याच्या पोराच्या वाढदिवसाचा बॅनर करत होतो, तो रील्स बघत होता. अचानक मागून तिचा आवाज आला.

"प्रभूने मला अंधारातून बाहेर काढलं. मी आज बरी आहे."

माझा हात माऊसवरच थांबला.

तो म्हणाला, "आपल्या नाशिकचीच दिसती. ओळखता का? लय भारी बोलती पोरगी."

"मावसबहीण आहे माझी."

"आहे" म्हणालो मी.

त्याने लाइक केलं आणि पुढची रील लावली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो.

शेरॉन इंदिरानगरला आईबरोबर, म्हणजे माझ्या मावशीबरोबर राहायची. मावशी नर्स आहे, काका लवकर गेले. मी दहावीनंतर कामाला लागलो, शेरॉन कॉलेजला गेली. मला चिडवायची, "दादा, तू मेसेजमध्येसुद्धा पूर्णविराम देतोस. भांडण झाल्यासारखं वाटतं."

सेकंड इयरला तिला भीती बसली. छातीत धडधड, झोप नाही. दिवसभर मैत्रिणींचे फोटो बघायची आणि स्वतःचे डिलीट करायची.

मावशीने डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. चर्चमध्ये प्रार्थनाही झाल्या. फरक पडत होता, हळूहळू.

मग चर्चच्या तरुण संघाने उपासना चालवली, त्या रविवारी तिने साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं.

मी शेवटच्या बाकावर होतो. मी सगळं ऐकलं.

पण आमच्या संघाच्या सुनीलने त्यातला थोडाच भाग घेतला, खाली म्युझिक टाकलं आणि रील करून संघाच्या पेजवर टाकली. वाईट हेतू नव्हता त्याचा. "लोकांचा विश्वास वाढला पाहिजे," म्हणाला.

रील खूप फिरली.

अनोळखी मुली तिला मेसेज करायला लागल्या. "ताई, तू कशी बरी झालीस? माझ्यासाठी प्रार्थना कर." ती प्रत्येकीला उत्तर द्यायची.

आणि मेडिकलमध्ये चर्चमधलं कुणी दिसलं, की गोळ्या न घेताच परत यायची.

"मी आणतो ना," मी म्हणालो.

"तुलाही ओळखतात रे सगळे."

तिने रील काढायला सांगितली होती. सुनील म्हणाला, "अगं, किती जणांना आशीर्वाद मिळतोय!"

एकदा ती मला म्हणाली, "दादा, त्या रीलमधली पोरगी माझ्यापेक्षा बरी आहे. सगळे तिलाच भेटायला येतात."

पुढे गोळ्या सुटल्या.

आणि मग तिने जीव दिला.

रीलमुळेच, असं मी म्हणत नाही. एका कारणात मला ते सांगताच येत नाही.

ते गिऱ्हाईक गेल्यावर मी तडक मावशीकडे गेलो. ती मेथी निवडत होती.

"मावशी, ती रील काढायला लावू."

"नाही काढायची. त्यात ती हसते."

आणखी एक जुडी सोडून म्हणाली, "पण मला पूर्ण ऐकायचंय. त्या रविवारी मी ड्युटीवर होते."

मला नेमकं हेच नको होतं. पुढे काय आहे ते मला माहीत होतं.

परवा उपासनेनंतर सुनीलने लॅपटॉपवर मूळ व्हिडिओ लावला. आम्ही तिघंच होतो.

"मी आज बरी आहे," शेरॉन म्हणाली.

रील इथे संपते. ती मात्र पुढे बोलत होती.

"म्हणजे आजच्यापुरती. उद्याचं माहीत नाही. गोळ्या चालू आहेत. भीती अजून वाटते. आई ड्युटीवर आहे म्हणून हे बोलतेय, तिच्यासमोर मी हसत असते. तिला सांगू नका. पण मला विचारत राहा."

मावशीच्या मांडीवर पर्स होती. तिने ती घट्ट धरली.

सुनील हळूच म्हणाला, "मावशी, हे नको टाकायला. साक्षीत विजय सांगायचा असतो."

"क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभूनं बागेत मित्रांना सांगितलंच ना, माझा जीव कासावीस झालाय, माझ्याबरोबर जागे राहा म्हणून? ते बायबलमधून कुणी कापलं का? मग माझ्या पोरीचं का कापलंस तू?"

सुनील रडायला लागला.

मावशी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "परत लाव."

आम्ही परत ऐकलं.

आज ती जुनी रील काढली आहे. त्याच पेजवर पूर्ण साक्ष टाकली आहे, मावशीच्या सांगण्यावरून. जुनी कुणाकडे सेव्ह असेल तर कृपया पुढे पाठवू नका.

ज्या मुलींनी तिला मेसेज केले होते, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोहोचली तर फार बरं होईल. मुलींनो, घरात कुणाला तरी सांगा. डॉक्टरांकडे जा. प्रार्थना करा आणि गोळीही घ्या. गोळीने विश्वास कमी होत नाही. मीही आता जातो डॉक्टरांकडे, मेडिकलमध्ये रांगेत उभा राहतो, कुणी बघितलं तर बघू दे.

शेरॉन, आईने सगळं ऐकलं.

ती तुझ्यावर रागावली नाही.

तुला प्रभूच्या हाती सोपवतो.