अंग टाकलं नव्हतं

छगन सहादूच्या हातात माइक आला तो अचानकच. राहात्याच्या अलीकडं असलेल्या त्याच्या गावात चैत्रात यात्रा भरे आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा होई. त्र्याहत्तर साली कुस्त्या पुकारणाऱ्या मास्तरांचा घसा बसला. भोंग्याच्या वायरी सांभाळत बसलेल्या छगनला ते म्हणाले, "तू घे." छगननं दोन्ही पैलवानांची नावं घेतली, त्यांच्या बापांची घेतली, गावं आणि वस्ताद सांगितले. खाली बसलेली जुनी माणसं मागं वळून बघू लागली. ज्या तालमीत त्याच्या वडलांना पाय ठेवता आला नव्हता, तिच्या वस्तादाचं नाव त्या दिवशी छगनच्या तोंडून सगळ्या शिवाराला ऐकू गेलं.

पुढं चोवीस वर्षं पंचक्रोशीतला एकही हगामा त्याच्यावाचून झाला नाही. भिमाबाई, त्याची बायको, म्हणायची, "दुनियेच्या बापांची नावं पाठ हायती. रेशनकार्ड कुठं ठिवलं, ते न्हाई ठावं."

ब्याण्णव साली नगरच्या रेडिओवर दहा मिनिटं कुस्तीचं वर्णन करायला त्याला बोलावलं. तिथल्या साहेबांनी रेडिओपुरती रीत सांगितली. "ऐकणाऱ्याला काही दिसत नाही. तुम्ही गप्प बसलात की त्याच्यापुढं अंधार होतो." छगनला ते फार पटलं. तोवर त्याची सवय उलटी होती. कुस्ती निकालाला आली की तो माइक बाजूला करी. नुसती हलगी वाजत राही, आणि पंचानं हात वर केला की मगच छगन बोले. रेडिओवरून आल्यावर त्यानं ती गप्प राहायची जागाही बोलण्यानं भरून टाकली. लोक खूश होते. आवाजच तसा होता.

पंच्याण्णवच्या हगाम्यात शेवटची कुस्ती सुनीलची होती. सुनील म्हणजे राधाकृष्णाचा पोरगा. राधाकृष्ण बागायतदार, एके काळचा पैलवान आणि छगनचा शाळेपासूनचा सोबती. कोपरगावकडच्या गड्यानं सुनीलला खाली घेतलं. सुनीलनं मान मातीत रोवून दोन्ही खांदे अधांतरी धरले. वरचा गडी सगळा भार टाकत होता. पंच वाकून बघत होता, त्याचा हात अजून गुडघ्यावरच होता. मचाणावरून छगनला खांद्याखालची फट स्वच्छ दिसत होती. ती आता बुजणार असं त्याला वाटलं आणि तो बोलून गेला, "चितपट."

कुस्ती संपली असं समजून सुनीलनं अंग सैल सोडलं. वरच्यानं सोडलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात तीन महिने काढून सुनील घरी आला तो बाजेवर. मानेखाली काही हलत नव्हतं. गावानं छगनला बोल लावला नाही. त्या गदारोळात आधी आवाज आला की आधी पंचाचा हात वर गेला, हे कुणाला आठवेना. लोकांनी लक्षात ठेवलं ते वेगळंच. पारावर म्हणत, "पैलवान तयारीचा हुता, पर ऐन टायमाला अंग टाकलं." ते राधाकृष्णाच्या कानावर गेलं. पोराचं दुखणं त्यानं सोसलं असतं. पोरानं कच खाल्ली, हे बोलणं त्याला सोसलं नाही.

छगन गप्प राहिला. सांगितलं तर माइक जाईल, आणि माइक गेल्यावर आपण कोण, एवढाच विचार त्याच्या मनात येई. दर शनिवारी तो सुनीलपाशी बसायचा आणि कुठल्या हगाम्यात कोण पडलं ते सांगायचा.

सत्त्याण्णवच्या फाल्गुनात सुनील म्हणाला, "छगनकाका, एक इचारू?"

"इचार की."

"माजं खांदं टेकलं हुतं का?"

छगननं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "न्हाई."

"मला खालून काय दिसनार? तुमी म्हनला, मंग टेकलं आसल, असं वाटलं. बाबाला सांगा. मी सांगितलं तर म्हंतील, निमित्त काढतोय. बाकी काय न्हाई मागत."

छगन तीनदा राधाकृष्णाच्या मळ्यात गेला आणि तिन्ही वेळा कांद्याच्या भावावर बोलून परत आला. समोरासमोर बोलायला त्याची जीभ उचलेना. जे काही बोलता येत होतं ते माइकवरच.

चैत्रात हगामा भरला. पहिली जोड मैदानात उतरली तेव्हा छगननं पुकारा केला, "सुनील राधाकृष्ण." पुढं गाव सांगितलं, वस्ताद सांगितला. जोडीतले दोघं एकमेकांकडं बघू लागले.

खालून कुणी म्हणालं, "छगनराव, जोड तरी बगा."

"ह्या गड्यानं अंग टाकलं नव्हतं," छगन म्हणाला. "खांदे टेकले नव्हते. पंचाचा हात वर जायच्या आधी मी चितपट म्हणालो. माझ्यावर भरवसा ठेवून त्यानं सोडलं. दोष माझा."

हलगी बंद पडली. राधाकृष्ण पंचांच्या रांगेत बसला होता. तो उठून मचाणाखाली आला.

"दोन वर्सं, छगन," तो म्हणाला. "दोन वर्सं मी त्याला पानी पाजताना भिताडाकडं तोंड केलं."

"मार मला, राधा."

"मारून काय करू?"

तो गर्दीतून वाट काढत घराकडं गेला. छगननं माइक खाली ठेवला. त्याला कुणी जा म्हणालं नाही, कुणी थांबही म्हणालं नाही. दुसऱ्या एकानं माइक उचलला आणि जोड पुकारली. बापांची नावं त्यानं घेतलीच नाहीत.

दिवस कलल्यावर छगन राधाकृष्णाच्या दारात गेला. आत बाजेवर बसून राधाकृष्णानं पोराचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो चमच्यानं पाणी पाजत होता, त्याच्या तोंडाकडं बघत. सुनीलनं छगनला पाहिलं आणि बापाला हळूच काही सांगितलं. राधाकृष्णानं मान वर केली नाही.

मुक्ताबाई, सुनीलची आई, उंबऱ्यापाशी आली. "भावजी, आज नका येऊ."

"उद्या येतो."

ती पदराशी चाळा करत उभी राहिली. "उद्या बी नका," ती म्हणाली, आणि दार हळूच लोटून घेतलं.