गांडुळांच्या बेडला औषध

लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिचा ॲक्सोलॉटल अंबडच्या घरात माझ्या गळ्यात पडला. पाण्यात राहणारा, पालीच्या अंगाचा, गुलाबी-पांढरा प्राणी. मानेशी पिसांसारखे कल्ले. जाताना ती म्हणाली, "आई, याला काही झालं तर मी तुझ्याशी बोलणारच नाही." थट्टेत म्हणाली, पण मी ते मनात धरून बसले.

डबीतले दाणे तो तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. नखरे सगळे नवरदेवाचे. पाच दिवस उपाशी राहिला तेव्हा घाबरून मी अंतरवाली सराटीला धाकट्या जावेकडं गेले आणि तिच्या गांडूळखताच्या बेडमधून डबाभर गांडुळं आणली. मला गांडुळांची भारी शिसारी. चिमट्यानं एक धरलं, डोळे अर्धे मिटून पाण्यात सोडलं. त्यानं ते गपकन अर्धं तोंडात ओढलं.

तेवढ्यात जावेचा फोन आला. "ताई, सांगायचंच राह्यलं. त्या बेडला काल औषध सोडल्तं."

आमच्या भागात औषध म्हणजे पिकावर फवारायचं विष. कुणी औषध पिलं म्हटलं की माणसं दवाखान्यात न्यायला गाडी काढतात, कोणतं ते विचारत बसत नाहीत. मीही विचारलं नाही. फोन टेबलावर टाकला, हात पाण्यात घातला आणि त्याच्या तोंडातून लोंबणारं गांडूळ ओढायला लागले. तो अंग पिळत होता, गांडूळ माझ्या बोटांना वेढे घालत होतं. शिसारी कुठल्या कुठं गेली. मेला तर लेकीला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. शेवटी गांडूळ सुटलं. तो तळाशी जाऊन पडला, हलेना.

फोनमधून जाऊ अजून बोलतच होती. "अवो ताई, तसलं न्हाई. गूळ, बेसन, गोमूत्राचं. गांडुळं चांगली वाढतेत त्यानं. आम्ही त्याला बी औषधच म्हणतो."

मला हसू आलं नाही. तासाभरानं तो हलला, तेव्हा कुठं मी तिथून उठले. दुसरं गांडूळ घेऊन गेले, या वेळी हातानंच. माझा हात दिसताच तो मागं सरकला आणि दगडाआड जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. इतके दिवस मी त्याच्यासाठी घाबरत होते. आता तो मलाच घाबरत होता, आणि त्याला भरवायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.