पाढ्यांच्या खेळातला मार

फोन आला तेव्हा मी माणिकपूरच्या आमच्या खोलीत नव्या खेळाची चित्रं काढत होतो. गास गावच्या रस्त्यावर माझ्या भागीदाराला, मिलिंदला, ट्रकने चिरडलं होतं. मी पोचेपर्यंत रक्तावर माती टाकून झाली होती... ट्रकच्या काचा लोकांनी फोडल्या होत्या, तरी मीही एक दगड भिरकावलाच. महिना उलटला, पण राग तसाच आहे.

आम्ही दोघांनी खेळ बनवायला घेतले, ते मोबाइलवर नुसता साप पळवायचे दिवस होते. मिलिंदच्या डोक्यात पाढे शिकवणारा खेळ बसला. नंदाखाल गावच्या वाडीत लहानपणी तो पाढ्यांपायी गुरासारखा बडवला गेला होता. मारणारे घरचेच. त्याचे वडील, अण्णा, शाळेत गणिताचे मास्तर. निरगुडीचा फोक मोडेपर्यंत मारायचे. म्हणून आमच्या पहिल्या खेळात उत्तर बरोबर आलं की चांदणी, आणि चुकलं की मास्तर मुलाला फोडून काढायचा. त्या मास्तराला अण्णांचा चष्मा नि टोपी मिलिंदनेच घालायला लावली. माराच्या धाकाने पोरं पाढे पाठ करतील, असा त्याचा हिशेब.

वाडीतल्या पोरांना फोन दिला, तर ती मुद्दाम चुकीचं बटण दाबू लागली. "परत चुकव ना, काय मारतो यार तो," एक जण म्हणाला आणि सगळी खो खो हसली. मिलिंद पांढराफटक पडला. फोन हिसकावून त्याने विहिरीच्या कठड्यावर आपटला, तुकडे होईपर्यंत आपटत राहिला. आवरायला गेलो तर माझ्याही थोबाडीत बसली. पोरं पसार झाली.

मग त्याने सगळं उलटं केलं. नुसत्या चांदणीसाठी कुणी खेळत नाही, आपल्या हातून काहीतरी घडावं म्हणून खेळतं, हे त्याला कळलं होतं. "चुकलं तर काहीच होऊ नये... आणि बरोबर आलं की पोराने मास्तराला हाणायचं," म्हणाला. उत्तर जितकं झटपट, तितका फटका जोरात. पाढा पुरा झाला की मास्तर आडवा. आता पोरं फोन सोडेनात, घरून पाढे घोकून यायची. अण्णांनी एकदा तो मास्तर पाहिला, चष्मा-टोपी ओळखली आणि आत निघून गेले. त्यानंतर बापलेकांत बोलणं उरलंच नाही. मिलिंद गेला तो तसाच... दोघांचीही मला चीड येते.

परवा भेटायला गेलो. अण्णा ओट्यावर मिलिंदचा घरी राहिलेला फोन घेऊन बसले होते. उत्तर एकही चुकत नव्हतं. दर उत्तराला पडद्यावरचं पोर मास्तराच्या पाठीत फटका घालत होतं. मास्तर पडला की अण्णा पुढचा पाढा लावत. मला बघवेना. फोन घ्यायला मी हात पुढे केला.

"राहू दे," मान वर न करता ते म्हणाले. "एकोणतीसचा व्हायचाय अजून. त्यावर फार मारलं होतं मी त्याला."