नाव नको, गोष्ट सांगा

“सध्या काय वाचून राहिलात?”

हे विचारताना अण्णा समोरच्याचा हात धरायचे. मनगटाच्या जरा वर, हलकाच. तुम्ही पाणी प्यायला उठलेले असा, नाहीतर साहेबांनी बोलावलेलं असो, उत्तर दिल्याशिवाय हात सुटायचा नाही. पुस्तकाचं नाव सांगितलं की ते मान हलवायचे. “नाव नको. गोष्ट सांगा. कुठवर आलात?”

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. कुणी भेटेल त्याला गुडघेदुखीचं औषध विचारतो, कुणी पुतणीसाठी स्थळ. अण्णा पुस्तक विचारायचे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. उस्मानाबादहून आलेल्या फाइलींची गाठोडी अजून सुटली नव्हती. आमची कचेरी भाड्याच्या दोन खोल्यांत होती आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा, याचा तक्ता आमच्या टेबलावर तयार व्हायचा. सही साहेबांची, पण कुठली विहीर आटली, कुठल्या वाडीला रस्ता नाही, हे सगळं अण्णांच्या डोक्यात. ते अव्वल कारकून होते. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. मी नांदेडची, बावीस वर्षांची, चार महिन्यांपूर्वी लागलेली, अजून कायम न झालेली. आमच्या बौद्ध वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेली मी पहिली मुलगी. बाबा बसवर सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले होते, “तिथं चुकू नको.”

अण्णांच्या त्या प्रश्नामुळे कचेरीत एक गंमत झाली होती. उत्तर द्यावं लागतं म्हणून लोक वाचायला लागले होते. टँकरचा ड्रायव्हर रहस्यकथा वाचायचा आणि डिझेलच्या चिठ्ठीवर सही झाल्याशिवाय खुनी कोण ते सांगायचा नाही. टायपिस्ट बाई दिवाळी अंकातली दीर्घकथा सांगता सांगता स्वतःच डोळे पुसायच्या. शिपाई मामा काहीच वाचायचे नाहीत. ते सरळ रचून सांगायचे. अण्णांना ते कळायचं. “मामा, हा लेखक लई चांगला हाय. सोडू नका त्याला,” म्हणायचे.

मी त्या दिवसांत एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या संसाराची कादंबरी वाचत होते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की अण्णा खुर्ची ओढून बसायचे. “समुद्र कसा हाय त्यातला? आवाज सांगा त्याचा.” मी सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. बाहेर फोन वाजत असायचा. कुठल्यातरी गावचा सरपंच ओरडत असायचा, की तीन दिवस झाले, टँकर नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. आलेली पत्रं अण्णा मला मोठ्यानं वाचायला लावायचे. “चष्मा घरी राहिला,” म्हणायचे. कधी कागद घेऊन खिडकीशी जायचे, बराच वेळ उभे राहायचे आणि मग सांगायचे, “लिहून घ्या.” वय झालं, मला वाटायचं.

वैशाखात एक चिठ्ठी आली. तलाठ्यानं घाईत पाठवलेली. गावाचा हातपंप बंद पडला होता, उद्यापासून टँकर हवा होता. मी दुसऱ्या तक्त्यात अडकले होते. अण्णा चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेले. “लिवा. करंजवाडी बुद्रुक, दोन खेपा.” मी लिहिलं. साहेबांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाया आल्या. पंचवीस-तीस असतील. प्रत्येकीच्या काखेत रिकामी घागर. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. त्या आत शिरल्या आणि घागरी माझ्या टेबलाभोवती मांडल्या. मला उठता येईना. पुढे होती ती बाई म्हणाली, “आमी करंजवाडी खुर्दच्या. आमच्या नावाचा टँकर मोठ्या गावात रिता व्हायला लागलाय. त्यांच्याकडं आधीच इहीर हाय. आमच्याकडं काय हाय? माझी सासू पडक्या आडात उतरली पाण्यासाठी. पाय मोडला तिचा.”

मागून दुसरी म्हणाली, “मोठ्या गावानं सांगितलं आसंल. आमची वस्ती कोणाची, हे ठाव हाय समद्यांना.”

मलाही ठाऊक होतं. खुर्दमध्ये सगळी आमच्यासारखीच घरं होती.

साहेब बाहेर आले. तक्ता मागवला. “हे अक्षर कुणाचं?”

“माझं,” मी म्हणाले.

मी अण्णांकडे पाहिलं. ते त्यांच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही तळवे टेबलावर पालथे टाकून. मला वाटलं, आता बोलतील. आता बोलतील. पंखा फिरत होता. एका घागरीवर कुणाची तरी बांगडी वाजली. अण्णा बोलले नाहीत.

साहेबांनी त्याच तासाला खुर्दला टँकर सोडला आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. सोमवारी सकाळी दहापर्यंत. तो दिवस शुक्रवार होता. सगळे गेल्यावर मी फाइलीतून चिठ्ठी काढली. तलाठ्याचं अक्षर घाईचं होतं, पण ‘खु.’ स्वच्छ होता. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली. हे नियमात बसत नव्हतं.

शनिवारी अर्धा दिवस भरून मी नांदेडची बस धरली. अण्णाही त्याच बसला होते. त्यांचं घर हिमायतनगरकडचं, नांदेडला गाडी बदलून पुढं जायचे. नेमकी त्यांच्याच शेजारची जागा रिकामी होती. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

“सध्या काय वाचून राहिलात, बाई?”

“खुलासा,” मी म्हणाले. “मलाच लिहायचाय.”

त्यांनी हात काढून घेतला. माझं तेवढ्यानं समाधान झालं नाही. मी पर्समधून चिठ्ठी काढली आणि त्यांच्या हातात दिली. “वाचा. काय लिहिलंय यात?”

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली. मग पुन्हा जवळ.

“वाचा ना अण्णा. मोठ्यानं वाचा.”

“उजेड न्हाई,” ते म्हणाले.

वैशाखाचं ऊन खिडकीतून सरळ त्यांच्या मांडीवर पडलं होतं. निळी अक्षरं मला माझ्या जागेवरून दिसत होती. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते चिठ्ठीकडे नव्हतेच. चिठ्ठीच्या जरा डाव्या बाजूला, कुठंतरी होते.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

“दीड वर्ष. डावा पयलाच गेला. उजव्यात बारकं भोक राहिलंय, तेवढ्यातून बघतो. अक्षर सापडलं की ओळ हरवती. डॉक्टर म्हणले, नस वाळली, आता काही होत न्हाई.” ते हळू बोलत होते. पुढच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. “त्या दिवशी ‘करंजवाडी’ सापडलं. पुढचं सापडंना. आदल्या महिन्यात बुद्रुकवाल्यांचा अर्ज आला होता, म्हणलं तेच आसंल.”

“अंदाजानं सांगितलंत?”

“हाव.”

मला ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी जेवणाच्या सुट्टीतली ती ओढलेली खुर्ची, मिटलेले डोळे, ‘कुठवर आलात’ हे सगळं मला वेगळंच दिसायला लागलं होतं. ज्या माणसानं जन्मभर वाचलं, तो दीड वर्ष आमच्या तोंडून पुस्तकं गोळा करत होता. ड्रायव्हरकडून, टायपिस्ट बाईंकडून, मामांच्या थापांमधून. हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. नांदेडला ते पायानं पायरी चाचपत उतरले. मी पाहत होते. मी हात दिला नाही.

रविवारी मी दोन खुलासे लिहिले. एकात अण्णांचं नाव होतं, एकात नव्हतं. बाबांनी विचारलं, “काय लिहायलीस दिवसभर?” मी म्हणाले, ऑफिसचं. सोमवारी पहाटेच्या गाडीत दोन्ही कागद माझ्या पर्समध्ये होते आणि लातूर आलं तरी कोणता द्यायचा ते ठरलं नव्हतं.

कचेरीत पोचले तेव्हा साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत अण्णा उभे होते.

“याचा अर्थ कळतो का तुम्हाला?” साहेब म्हणत होते. “मेडिकल बोर्डापुढं जावं लागेल. घरी बसवतील. वर चौकशी वेगळी. दोनच वर्षं राहिली होती, अण्णा.”

“त्या पोरीची तीस-पस्तीस राहिलीत, साहेब.”

मी दारातून मागे सरले. पर्समधले दोन्ही कागद फाडून मोरीच्या बादलीत टाकले.

त्या दुपारी अण्णांनी खुर्दला जाऊ द्या म्हणून हट्ट धरला. साहेब नको म्हणत होते, लोक चिडलेले आहेत म्हणून. शेवटी मला सोबत दिलं. टँकरच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, अण्णा आणि मी.

टँकर दिसताच बाया-पोरं धावत आली. अण्णा उतरले आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून त्या सासूबाईंच्या घरापर्यंत चालत गेले. सगळी वस्ती मागं. काही पुरुष कामावरून लवकर परतले होते. ते दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. म्हातारी ओसरीत खाटेवर होती, पायाला प्लास्टर. अण्णा ओसरीच्या बाहेर, खाटेपासून हातभर लांब थांबले.

“टँकर तिकडं गेला ती माझी चूक,” ते म्हणाले. “या पोरीची न्हाई, मोठ्या गावाचीबी न्हाई. मला दिसत न्हाई. चिठ्ठी वाचता आली न्हाई, म्या अंदाजानं सांगितलं.”

एक पुरुष पुढे सरकला, त्याला बायकोनं दंडाला धरून मागं ओढलं.

म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “दिसत न्हवतं, तर सांगायला काय झालं होतं?”

“भ्यालो, माय.”

“आन् म्या न्हाई भ्याले? आडात उतरताना?”

अण्णांनी हात जोडले. म्हातारी तिकडं बघतही नव्हती. बाहेर टँकरचा नळ सुटला. घागरींची झुंबड उडाली, माणसं एकेक करून पांगली. अण्णा तिथंच, उन्हात.

बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, “सावलीला व्हा. टँकर रिता व्हईस्तोर उन्हात उभं राहून काय करणार?”

तेवढंच. माफ केलं, असं कुणी म्हणालं नाही.

पावसाळ्याच्या आत बोर्डाचा निकाल आला आणि अण्णा घरी बसले. चौकशी दोन-तीन महिने चालली आणि मग कागदांत कुठंतरी मिटली. मी कायम झाले. निरोपाच्या दिवशी टायपिस्ट बाई रडल्या आणि मामांनी एक आख्खी गोष्ट रचून सांगितली. स्टँडवर मी अण्णांना हाताला धरून गाडीत बसवलं.

महिनाभरानं मी दीपगृहाची कादंबरी पोस्टानं त्यांच्या गावी पाठवली. सोबत पत्र. कोण वाचून दाखवणार, याचा विचार केला नव्हता. उत्तर आलं ते त्यांच्या बायकोच्या हातचं. चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षर मोठं, वेलांट्या चुकलेल्या. “हे म्हणतात, समुद्र झकास. पहिलं पान वाचायला मला दुपार लागली. आता दोन पानं होतात.”

मग ते सुरूच झालं. माझं एखादं वाचून झालं की मी पाठवायचे. नांदेड, पुढं उदगीर, पुन्हा लातूर अशा माझ्या बदल्या होत राहिल्या, पत्रं माझ्या मागं येत राहिली. वेलांट्या सुधारल्या. अक्षर बारीक झालं. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं, “हे म्हणतात यातली सून उगीच रडते. माझं मत तसं नाही. आमचं त्यावरून दोन दिवस भांडण चाललं आहे. तुम्ही कुणाकडून?” मी बाईंची बाजू घेतली. त्याच्या उत्तरात अण्णांचा निरोप होता, ‘पोरीनं फितुरी केली.’

अशी सहा वर्षं गेली. त्यानंतरचं पत्र हे शेवटचं, म्हणजे अण्णांबद्दलचं शेवटचं. पोस्टकार्डच होतं.

“मंगळवारी हे गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. त्रास झाला नाही. तुम्ही पाठवलेलं पुस्तक चालू होतं. लगेच दुसरं पाठवू नका, याची अजून साठ पानं राहिली आहेत. मला मनात वाचायची सवय नाही, म्हणून दुपारी खाटेजवळ बसून मोठ्यानंच वाचते. शेजारच्या बाया म्हणतात, हिला काय झालं. म्हणू द्या. संपलं की कळवते.”