शेवटची जोडी बसेपर्यंत

मामाला वाजवायला पाय लागायचे. स्वतःचे नव्हे, नाचणाऱ्यांचे. तरुणपणी जहाजाच्या इंजिनाला तेल घालता घालता तो कॅरिबियन बेटांवरचे ताल शिकून आला आणि पुढे तीस वर्षं नाचाच्या हॉलमध्ये काँगा, म्हणजे तिकडचा हातांनी वाजवायचा उंच ढोल, वाजवत राहिला. नजर सदा जमिनीवर. शेवटची जोडी खाली बसेपर्यंत हात थांबवायचे नाहीत, हा त्याचा शिरस्ता. एवढ्या वर्षांत त्याचं एकही रेकॉर्डिंग झालं नव्हतं, आणि आता बोटं आखडत चालली होती. म्हणून माझ्या अल्बममध्ये तो हवाच, असा मी हट्ट धरला.

पण माझं जॅझ मामाच्या भाषेत 'धरबंद नसलेलं'. सूर, लय, सगळं मोडून मी सॅक्सोफोन वाजवते. त्याखाली मला त्याचा घट्ट ताल हवा होता. स्टुडिओत सकाळपासून पाचदा सुरुवात केली. पाचही वेळा तो माझ्यामागे भरकटला आणि थांबला. चारला आमची वेळ संपणार होती.

"नाही जमत गं," तो बोटं चोळत म्हणाला. "तू कुठे जातेस ते कळत नाही, आणि समोर बघावं तर नुसता गालिचा. दुसरं कुणीतरी बघ."

मला रडूच आलं. मामी कोपऱ्यात त्याचं मलम घेऊन बसली होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं.

"वाजवता येईना, गालिचा वाकडा," म्हणत ती उठली. चपला काढल्या, गालिचा पायानेच बाजूला सारला. "हं. करा सुरू."

"अगं, गुडघा..."

"गुडघा माझा आहे. तुम्ही तुमचे हात सांभाळा."

"पावलांचा आवाज येईल," रेकॉर्डिस्ट कुरकुरला. येऊ दे म्हटलं.

खुर्चीची पाठ धरून मामी नाचू लागली. मामाची मान खाली गेली आणि हात सुटले. मी वाट्टेल तिथे भटकून आले. परत यावं तर ताल जागच्या जागी. इतकं निर्धास्त मी कधीच वाजवलं नव्हतं.

अल्बम निघाल्यावर मामाने तो डोळे मिटून ऐकला. स्वतःच्या वाजवण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"उजवा पाय ओढतेय बघ," एवढंच म्हणाला आणि मामीचा हात हातात घेतला.

त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी माझा सॅक्सोफोन थांबतो, तरी काँगा अर्धा मिनिट एकटाच चालू आहे. रेकॉर्डिस्ट तेवढं कापू म्हणत होता. मी कापू दिलं नाही. मामी अजून बसली नव्हती.