केटिलच्या खुणेची कोकरं

दर मे महिन्यात स्टेनुन रेक्याविकच्या शाळेतल्या स्वयंपाकघरातून रजा काढायची आणि उत्तरेला माहेरी यायची. मेंढ्या विण्याचे दिवस. शाळेतल्या बाया म्हणायच्या, लोक स्पेनला ऊन खायला जातात आणि ही लेंड्या उपसायला जाते. मेंढवाड्यात थोरला भाऊ केटिल असायचा. तो तिच्या हातकामाला नावं ठेवायचा आणि ती त्याच्या कॉफीला. वर्षाची हौस अशी फिटायची.

यंदा केटिल नव्हता. फेब्रुवारीत दारापुढचा बर्फ उपसता उपसता त्याच्या छातीत कळ आली, तो खाली बसला आणि उठलाच नाही. मागे राहिले म्हातारे वडील हालग्रिमूर आणि सगळा कळप. आमच्या खोऱ्यात जो तो जाणून होता की ही बाई या खेपेला नुसती मदतीला आलेली नाही. कळप विकायचा, हे बापाला सांगायला आली आहे. शेजारचा ओफेगूर घ्यायला तयारही होता. पण सांगायचं कोणत्या तोंडानं? रोज सकाळी ती शब्द जुळवायची, रोज एखादी मेंढी अडायची आणि बोलणं राहून जायचं.

कोकरू चार दिवसांचं झालं की त्याच्या कानाला खूण करायची. आता प्लास्टिकचे बिल्ले आलेत, पण आमची खरी ओळख कातरलेल्या कानाची. प्रत्येक घराची खूण वेगळी, आणि घरात ज्याच्या स्वतःच्या मेंढ्या असतील त्याची आणखी वेगळी. हे काम हालग्रिमूर दुसऱ्या कुणाला करू देत नसे. एका दुपारी स्टेनुनने बाटलीने दूध पाजायला एक कोकरू उचललं आणि तिचा हात थांबला. डाव्या कानाचं टोक छाटलेलं, उजव्याला मागून खाच. ही केटिलची खूण. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. घरची खूण एकावरही नव्हती.

म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं तिला वाटलं. ओफेगूरला फोन केला तर तो म्हणाला, वय झालंय, तू आपली गप्प राहा. ती कुठली गप्प राहतेय.

"बाबा, केटिल गेला. लक्षात आहे ना तुमच्या?"

"बर्फातून घरात कुणी ओढत आणला त्याला?" म्हातारा म्हणाला. "मला विचारतेस?"

"मग ही खूण कशाला?"

तो कात्री पुसत राहिला. "कळप तू विकणार आहेस. आल्या दिवसापासून तोंडावर लिहिलंय तुझ्या. वीक, मी अडवत नाही. पण मेंढरं डोंगरावरून खाली आली की एकदा त्याचं नाव ऐकू दे मला. मग काय ते कर."

आमच्याकडे उन्हाळाभर डोंगरावर मोकळी चरलेली सगळ्या खोऱ्याची मेंढरं सप्टेंबरात एका गोल आवारात कोंडतात. जो जनावर धरतो तो कान चाचपून मालकाचं नाव मोठ्यानं पुकारतो. मालक "इकडे" म्हणतो, आणि जनावर आवाराभोवतीच्या त्याच्या कप्प्यात जातं.

त्या दिवसासाठी स्टेनुन पुन्हा रजा काढून आली होती. हालग्रिमूर ठेवणीतला स्वेटर घालून आपल्या कप्प्याच्या दाराशी उभा राहिला. आमची माणसं भली आहेत, तिथंच घोटाळा झाला. कान चाचपला की हात थबके, नजर म्हाताऱ्याकडे जाई, आणि कोकरू मुकाट्यानं त्याच्या कप्प्यात आणून सोडत. म्हाताऱ्याला दुखवू नका, असं ओफेगूरने सगळ्यांना बजावूनच ठेवलं होतं. बाकीच्यांची नावं आवारभर घुमत होती. कप्पा भरत आला. म्हातारा नुसता येईल त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

स्टेनुनला ते बघवेना. दफनानंतर तिने भावाचं नाव चारचौघांत घेतलेलं नव्हतं, आणि ते घ्यायचं म्हटलं तर आताही जीव नको नको होत होता. तरी ती कुंपण ओलांडून आत शिरली. एक दांडगं कोकरू शिंगांना धरून तिने मांड्यांत दाबलं, कान चाचपला.

"केटिल!"

माणसं हातातली जनावरं तशीच धरून तिच्याकडे वळली. मेंढ्या तेवढ्या ओरडत राहिल्या.

"इकडे," हालग्रिमूर म्हणाला. कप्प्याचं दार उघडायला त्याचे हात वळेनात, आणि ती कोकरू घट्ट धरून रडत तशीच उभी राहिली.