वांग्याच्या पानाखालचे ढालकिडे

नवरा गेल्यापासून काकूंना घर खायला उठायचं, म्हणून काचघरात त्या सगळ्यांच्या आधी हजर. काम काय, तर एका ढालकिड्याला वाढवायचं आणि दुसऱ्याला मारायचं. दिसायला दोघे सख्खे भाऊ, लालसर पाठीवर काळे ठिपके. गुण मात्र दोन टोकांचे. एकाची पाठ चकचकीत, गुळगुळीत. तो गुलाबाच्या कोंबांवर राहतो आणि झाडाचा रस पिणारा मावा फस्त करतो. दुसऱ्याच्या अंगावर बारीक लव. तो वांग्याच्या पानाखाली दडतो आणि पानाची पार चाळण करून टाकतो.

गुळगुळीत ढालकिडे काकू जाळीच्या खोक्यात अंड्यांपासून वाढवत. "माझी पोरं भारी खादाड आहेत गं," असं शेजारच्या वाफ्यावर काम करणाऱ्या धाकट्या जावेला सांगत. काकूंना पोटचं मूल नव्हतं, त्यामुळे जाऊही हे कौतुक मुकाट्याने ऐकून घ्यायची.

यंदा काकूंच्या डोळ्यांनी दगा दिला. पाठ चकचकते की नाही, कळेना. सांगितलं असतं तर मुकादमाने घरी बसवलं असतं, आणि त्यांना घराचीच तर धास्ती. मग त्यांनी डोकं चालवलं. पाठ नाही, जागा बघायची. गुलाबावरचा तो आपला, वांग्यावरचा तो चोर. बरेच दिवस कुणाला पत्ता लागला नाही.

पण मावा काय कुणाला विचारून येतो? तो वांग्यावर उतरला आणि त्याच्यामागे काकूंची खादाड पोरंही तिकडे गेली. त्या सकाळी काकूंनी नेहमीसारखी वांग्याची पानं झटकली आणि सगळे किडे साबणाच्या पाण्यात पाडले. जावेने बादलीत डोकावलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काय गं?"

"काही नाही, ताई. आज चोर बरेच सापडले."

तो आवाज काकूंच्या ओळखीचा होता. नवरा गेला त्या दिवशीही जाऊ दारात उभी राहून आधी "काही नाही" असंच म्हणाली होती.

काकूंनी बादलीत हात घातला. एक किडा बाहीला पुसून कोरडा केला, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. दुसरा काढला, तोही तसाच. आपल्याच हातांनी मारलं आपण! काळीज फाटलं त्यांचं. तिथेच खाली बसून त्या एकेकाला पुसून मांडीवर ठेवू लागल्या.

"मला दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "तुला दिसतंय ना? एखादा तरी हलतोय का, बघ."

जाऊ वाकून बराच वेळ बघत राहिली. या खेपेला तिला खोटं बोलवेना.

"नाही, ताई," ती म्हणाली.